नळीवरची बोटं

सोनपेठच्या बसस्टँडमागच्या गल्लीत सिद्धोधन सरांचं घर विचारलं तर लोक उलट विचारतात, "बंदूकवाले का?" तीस वर्षं आयटीआयमध्ये फिटरची पोरं घडवली, पण नाव झालं ते बंदुकांचं. त्यातही बारूदाच्या नव्हे, छर्ऱ्याच्या. नळी खाली मोडायची की आतली स्प्रिंग दबते आणि दट्ट्या मागं जातो; मग छर्रा भरायचा, नळी सरळ करायची आणि चाप ओढायचा. जत्रेत फुगे फोडायला असतात तसल्याच, असं मात्र सिद्धोधनसमोर म्हणायची सोय नव्हती. त्याच्या भिंतीवरच्या अकरा रायफली आणि दोन पिस्तुलं जर्मनीत नाहीतर विलायतेत घडलेली, आणि बहुतेक त्याच्याहून वयानं मोठी. माणूस एरवी मवाळ. पण कुणी छर्रा न घालता नुसताच चाप ओढला की अंगावर जायचा. "आतला दट्ट्या जाऊन आपटतो ना! तुमच्या छातीत अशी बुक्की घालू का?"

"माझ्या डोक्याला जल्मात येवढं तेल मिळालं न्हाई," मालनबाई, त्याची बायको, पाहुण्यांना सांगायची. "सगळं त्या नळ्यांला."

तेलाचं कारण होतं. काही माणसांच्या हाताचा घामच असा खारट असतो, की लोखंडाला बोट लागलं की दोन दिवसांत तिथं तांबूस डाग उठतो. वेळीच पुसला नाही तर डाग लोखंड खातो आणि बोटाची खूण कायमची बसते. सिद्धोधनचा हात असाच होता. आयटीआयमधली मोजपट्टीसुद्धा त्याच्या हातात गंजायची. म्हणून त्याच्या घरात बंदूक हाताळली की तेलाच्या फडक्यानं पुसूनच खुंटीला लागायची. हा घाम आपल्याला बापाकडून आला, असं तो मानायचा. मानायचा म्हणजे काय, त्यावरच त्याचं अर्धं आयुष्य उभं होतं.

बापाचं नाव आश्रुबा. राणीसावरगावच्या वाटेवरच्या एका गावात पाटलाकडं गडी. पाटलाच्या बैठकीत एक जर्मन छर्ऱ्याची बंदूक टांगलेली असे. पाटलाचा पोरगा सुग्रीव पिकावरची पाखरं मारायला निघाला की छर्ऱ्यांची डबी सांभाळायची आणि पडलेली पाखरं गोळा करायची, हे आश्रुबाचं काम. बंदुकीला मात्र हात लावायचा नाही. आश्रुबाच्या वस्तीनं बुद्धाला शरण जाऊन पंधरा वर्षं झाली होती, पण पाटलाच्या बैठकीपर्यंत ती बातमी पोचली नव्हती. मग एका पावसाळ्यात बंदुकीच्या नळीवर गंजलेली बोटं उठली. खालून चार, वरून अंगठा. पाटलानं कुणाला काही विचारलं नाही. आश्रुबाला बोलावलं, चावडीपुढं ती बंदूक ठेवली आणि ओल्या सोलानं, जाड दोरानं, मारलं. सिद्धोधन तेव्हा आठ वर्षांचा. तो आईच्या पदराआडून बघत होता. बाप प्रत्येक फटक्याला एकच सांगत होता, "म्या हात न्हाई लावला, मालक. म्या हात न्हाई लावला."

त्या वर्षीच आश्रुबानं गाव सोडलं आणि सोनपेठला हमाली धरली.

सिद्धोधननं पहिल्या पगारात छर्ऱ्याची बंदूक आणली आणि बापापुढं धरली. "घ्या आबा, आता लावा हात. बघू कोण मारतंय."

आश्रुबानं हात मागं घेतला. "नको बा मला."

बाप अजून भितो, असं पोराला वाटलं. त्याला राग आला, आणि त्या रागातच तो एकामागून एक बंदुका आणत गेला. मनातून त्याला पक्कं ठाऊक होतं, की बापानं त्या दिवशी हात लावला होता. एकदा तरी, कुणी नसताना, ती बंदूक खुंटीवरून काढून खांद्याला लावली होती. मार खाल्ला तो खाल्ला, पण आपला बाप नुसता पाखरं वेचणारा नव्हता. या एका गोष्टीवर तो ताठ मानेनं जगला. जेवताना कधी बापाची चेष्टाही करायचा. "आबा, आता तर सांगा. लावलाच आसंल हात!" मग आश्रुबाचा घास तसाच राहायचा. "न्हाई रं," एवढंच म्हणायचा, आणि कोरडा हात पोराच्या डोक्यावरून फिरवायचा. तो हात इतका खरखरीत, की केस अडकायचे. शेवटच्या आजारपणातही सिद्धोधननं कानाशी जाऊन सांगितलं, "लावला तर लावला आबा, चांगलंच केलं तुमी." बापानं भिंतीकडं तोंड केलं. पोराला वाटलं, म्हातारा लाजला.

आश्रुबाचा फोटो एकही नव्हता. काढूच दिला नाही त्यानं.

आणि यंदा, दिवाळीच्या आधी, दारात पांढरी गाडी थांबली. सुग्रीव पाटलाचा मुलगा शिवप्रसाद उतरला. हातात घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी.

"सर, तुमचं लय नाव ऐकलंय. आजोबाची बंदूक हाय. नवा बंगला बांधलाय, हॉलमधी लावायची. जरा चकाचक करून द्या."

घोंगडी सुटली. लाकडाला गेलेली चीर, तिच्यावर ठोकलेली पितळी पट्टी, सगळं आठवणीतलं. आणि नळीवर खालून चार, वरून एक असे खोल खड्डे. इतक्या वर्षांत कुणी ते घासायची तसदी घेतली नव्हती.

"इकायची का?" त्यानं विचारलं.

"न्हाई न्हाई, पप्पा जित्ते हायेत. घरची वस्तू हाय. फकस्त हे डाग काढा, लय घाण दिसायलेत."

गाडी गेल्यावर सिद्धोधननं आपली बोटं त्या खड्ड्यांवर ठेवली. बरोब्बर बसली. आता खरं म्हणजे नळी पकडली की कुणाचीही बोटं तिथंच बसतात, पण तेव्हा हे त्याला कोण सांगणार? बापाच्या हातावर हात ठेवल्यासारखं वाटून तो ढसाढसा रडला. हे डाग आपल्या हातानं घासायचे? बापाची जगात एवढीच खूण उरली आणि ती पुसायला आपणच सापडलो?

चार दिवस तो नीट जेवला नाही. पाचव्या दिवशी त्यानं भिंतीवरची सातवी रायफल उतरवली. तोच कारखाना, तोच नमुना. परभणीच्या एका पोस्टमास्तरांनी मरणाआधी विश्वासानं दिलेली. त्याच्या सगळ्या संग्रहात हिच्याइतकी सरळ मारणारी दुसरी नव्हती. परसात पंधरा पावलांवर आगकाडी खोचून तो हिनंच तिचं डोकं उडवायचा. त्यानं दोन्ही बंदुकांच्या बिजागरीचे बोल्ट काढले आणि नळ्या सोडवल्या. पाटलाच्या बंदुकीतल्या झिजलेल्या चामड्याच्या वायसरच्या जागी नवा स्वतः कापून बसवला. पाटलाच्या बंदुकीला निळीशार नळी लागली. पाटलाची नळी सिद्धोधनकडं राहिली. चोरी म्हणा, नाहीतर वसुली म्हणा. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपली रायफल मात्र आता मुकी झाली, याचं वाईट वाटलं. पाटलाची नळी आतूनही गंजलेली, तिच्यातून छर्रा कुठंही जायचा. म्हणून त्यानं ती बसवलीच नाही. भिंतीवर बुद्धाचं चित्र होतं त्याच्या शेजारी, बापाचा फोटो असता तर जिथं लावला असता, तिथं ती नळी दोन खिळ्यांवर ठेवली. कार्तिकात आश्रुबाचा स्मृतिदिन आला तेव्हा तिच्यापुढं मेणबत्ती लावली आणि हात जोडले.

मालनबाई बाजूला उभी राहिली. तिनं हात जोडले नाहीत. "लोखंडाला कशाला?" एवढंच म्हणाली.

पुढच्या आठवड्यात शिवप्रसाद न्यायला आला. पप्पांना स्वतः बघायचंय, सरांनीच चला, म्हणाला. सिद्धोधन पन्नास वर्षांनी त्या गावात गेला. चावडीच्या जागी आता सिमेंटचं सभागृह होतं. नव्या बंगल्याच्या ओसरीत सुग्रीव पाटील खुर्चीत बसला होता. पंच्याहत्तरीचा, जाडजूड, हसरा. "या सर, या, बसा," म्हणून त्यानं खुर्ची दिली. चिनीमातीच्या कपात चहा आला. सुग्रीवनं बंदूक मांडीवर घेतली आणि सवयीनं नळीखालून बोटं फिरवली.

"हितले डाग कुठं गेले?"

"सरांनी काढले, पप्पा."

"आरारा! माझी बोटं व्हती ती!" सुग्रीव खदाखदा हसला. "सांगतो सर, गंमत. आमचे दादा, म्हंजी वडील, परभणीला गेलते, म्या गुपचूप बंदूक काढली अन् भर पावसात नदीकडं गेलो. माझ्या हाताला पहिल्यापसून घाम लय. तशीच वली टांगून ठिवली. चौथ्या दिशी हे डाग! दादांला कळलं आस्तं तर मला सोलून काढलं आस्तं. पर एक गडी व्हता आमच्याकडं. त्याच्या नावावर खपलं."

"त्याला ठाऊक व्हतं?" सिद्धोधनला आपलाच आवाज लांबून ऐकू आला.

"कशाचं ठाऊक! लय मार खाल्ला बिचाऱ्यानं. न्हाई लावला, न्हाई लावला म्हणायचा. कोण इस्वास ठिवणार?"

"आश्रुबा नाव त्यांचं. माझे वडील."

सुग्रीवचं हसू क्षणभर थांबलं. मग तो पुढं वाकला. "तू आश्रुबाचा व्हय रं? आधी न्हाई का सांगायचं! म्हंजी घरचंच माणूस निघालं की तू. आता जुनं कशाला काढायचं. घे, चहा घे." त्यानं सिद्धोधनचा हात हातात घेऊन दाबला. पाटलाचा तळवा गार होता, आणि ओलाचिंब.

सिद्धोधनला बोलायचं होतं. पाटलाला चार शिव्या हासडायच्या होत्या. पण "कोण इस्वास ठिवणार" हे शब्द आता पाटलाचे राहिले नव्हते, त्याचे स्वतःचे झाले होते. त्यानं हात सोडवला, पाटलादेखत आपल्या शर्टाला पुसला आणि चालत फाट्यावर आला. तिथून एसटी मिळाली.

वाटभर त्याला बापाचा हात आठवत होता. केस अडकणारा, उन्हाळ्यातही कोरडा ठणठणीत. त्या हातानं कधी लोखंड गंजलं नसतं. इतकी वर्षं गंज ओळखणारा माणूस तो, आणि डोक्यावरून फिरणारा हात त्याला ओळखता आला नाही. पाटलानं एकदा मारलं. आपण जेवताजेवता, हसतहसत, मरेपर्यंत मारत राहिलो.

घरी येऊन त्यानं भिंतीवरची नळी उतरवली. खाली मेणबत्तीचं मेण सांडून वाळलं होतं. मालनबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आबानं हात लावलाच नव्हता," तो म्हणाला. "खरं बोलायलते ते."

मालनबाईनं पदराला हात पुसले. तिला नवल वाटलं नव्हतं.

"मग सांगितलं व्हतं की त्यांनी," ती म्हणाली. "मला एकदाच सांगितलं, म्या मानलं. तुमाला तर रोज सांगायचे."