काळ्या मातीला चुना

मी एक जुना कच्चा रस्ता आहे. केनियात न्यांदो नदीकाठच्या भातखाचरांतून मी बाजारापर्यंत जातो. खरं सांगू मित्रांनो, आता मी फार थकलो आहे.

माझी माती काळी, चिकण. उन्हात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडत आणि पावसात ती फुगून लोण्यासारखी मऊ होई. एका पावसाळ्यात ओगुतू म्हाताऱ्याच्या सुनेला कळा सुरू झाल्या. चौघांनी तिला खाटेवर घालून खांद्यावर घेतलं. माझ्या चिखलात त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत रुतले. दवाखाना समोर दिसत होता, पण पोचायला अख्खी दुपार गेली. सून वाचली, बाळ नाही. परतताना ओगुतू माझ्यावर थुंकला. मला राग आला नाही.

पुढच्या कोरड्या दिवसांत रस्त्याच्या कामावर देखरेख करायला आपोंदी नावाची बाई आली. तिने माझी ढेकळं फोडून घेतली, वर चुन्याची भुकटी पसरली, पाणी शिंपडून सारं पुन्हा पुन्हा कालवून घेतलं. माणसांनी नाकातोंडाला ओली फडकी बांधली होती. ओगुतू काठी टेकत आला.

"काय गं पोरी, मक्याच्या पिठाची उगाली शिजवतेस का? पीठ जरा जास्तच झालंय!"

"शिजू तर द्या, आजोबा. मग चव सांगा."

रोलर फिरला. मध्ये उंच, कडांना उतरता असा मी घडलो. दोन्ही बाजूंना चर खणले. मग चुना मुरेपर्यंत, सात दिवस, मला नुसतं ओलं ठेवायचं होतं, वरून एकही गाडी जाऊ द्यायची नव्हती. चौथ्याच दिवशी वाळूचा ट्रक आला.

"बाई, हो बाजूला. एका ट्रकनं काय होतंय?"

आपोंदीने खुर्ची आणली, माझ्या मधोमध मांडली आणि बसली. "आज एक, उद्या दहा. जायचंच असेल तर माझ्यावरून ने."

ड्रायव्हर शिव्या देत मागे वळला. माझ्यासाठी आजवर कुणी असं बसलं नव्हतं.

त्या पावसाळ्यात मी फुगलो नाही. ओगुतूने अनवाणी टाच माझ्यावर तीनदा आपटली. "शिजली गं," एवढंच आपोंदीला म्हणाला आणि तोंड फिरवून रडला.

त्यानंतर बारा वर्षं मी भाताची पोती वाहिली, आजारी माणसं पोचवली. लोक कौतुक करायचे. मग त्यांना सवय झाली. चरांत भाताचा कोंडा साचला. कुणीतरी चरात बांध घालून पाणी खाचरात वळवलं. बांधामागे तुंबलेलं पाणी माझ्या कुशीत मुरलं, आणि मागच्या पावसात प्रवाशांनी भरलेल्या मटाटू गाडीखाली माझी कड खचली. गाडी कलंडली, नशिबाने उलटली नाही. उतरलेल्या प्रवाशांत आपोंदी होती. निवृत्त झालेली, केस पिकलेली. आवाज ऐकून ओगुतूही काठी टेकत आला.

"आजोबा, हा बांध कुणाचा?"

ओगुतूने मान खाली घातली. "माझाच. पाऊस लांबला, भात करपत होतं गं."

"पोटात कितीही चुना असला, तरी सारखं पाण्यात उभं केल्यावर कोण टिकेल?"

ती रागावली नाही. तिने कुदळ मागितली. ओगुतूने दिली नाही, स्वतःच बांध फोडला. ती कोंडा उपसू लागली. प्रवासी बघत होते, मग एकेक जण चरात उतरला.

पाणी वाहतं झालं. खचलेली कड मात्र अजून तशीच आहे. तिला पुन्हा चुना हवा, रोलर हवा, आणि मधोमध खुर्ची टाकून बसणारं कुणी हवं.

मित्रांनो, तुमच्याही गावाला असा एखादा रस्ता असेल. खड्ड्याला शिव्या देण्याआधी त्याच्या कडेचा चर बघा. ओंजळभर का होईना, गाळ काढा. आम्हाला विसावा नसतो. निदान आमचे पाय तरी कोरडे राहू द्या.