मधल्या गवतातली फटाकडी

मित्रांनो, अंगावर गंज दिसतो म्हणून मला भंगार समजू नका. मी गवत कापायचा जुना विळा आहे. शिरगावच्या लोहाराने बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेतून मला घडवले, तेव्हापासून मी मजुरीने गवत कापणाऱ्या ठकीच्या हातात होतो. माझ्या धारेचे कौतुक झाले की मी फुगून जाई.

दसरा झाला की माकुणसारजवळ खाडीकाठच्या कुरणात कापणी सुरू होई. पंचवीस-तीस माणसे चारी कडांना उभी राहत आणि कापत कापत मध्यभागी येत. त्यामुळे उभे गवत तुडवले जात नसे.

त्या ओल्या गवतात फटाकडी राही. कोंबडीच्या पिलाएवढा, तांबूस, फार लाजाळू पक्षी. फटाकडी सहसा उडत नाही, पळते. मी नवा होतो तेव्हा कुरणाच्या प्रत्येक कोपऱ्यातून तिचा आवाज येई. मग तो वर्षागणिक कमी झाला. १९६६ साली दोनच जोड्या उरल्या. खाडीचे पाणी बदलले असेल, असे लोक म्हणत.

त्या वर्षी मध्ये खाटेएवढे गवत उरले होते. मी सपकन फिरलो आणि माझ्या पात्याला रक्त लागले. ठकीने वाकून गवत बाजूला केले. पिलांसकट फटाकडी तिथे दडली होती.

"आमीच कडंनं हाकलत मधी आणलं गं यांना," ती म्हणाली. इतकी वर्षे मी ज्या धारेवर मिरवलो, तिची मला शिसारी आली.

पुढच्या वर्षी एकच जोडी दिसली. ठकी मुकादम पुंजारामसमोर उभी राहिली.

"मुकादम, औंदा मधनं कापू. खाडीची कड शेवटाला. त्यांना लव्हाळ्यात पळाया वाट पायजे."

"आणि भारे वाहताना उभं गवत तुडवलं जाईल, ते?"

ठकीने मला जमिनीवर ठेवले. बाकीच्यांनीही विळे खाली ठेवले. तेव्हा पुंजाराम म्हणाला, "ठीक आहे. पण नुकसान झालं तर पुढल्या साली तुला कामावर घेणार नाही."

आम्ही मधून कापत निघालो. तिसऱ्या दिवशी खाडीच्या कडेने फटाकडी निघाली, मागे पाच काळी पिले. सगळी लव्हाळ्यात शिरली. गवत मात्र बरेच तुडवले गेले.

पुंजारामने शब्द पाळला. ठकी मिठागरावर जाऊ लागली आणि मी घराच्या कुडाच्या भिंतीत खोचलेला राहिलो. तिचा मला राग आला नाही, असे खोटे सांगणार नाही.

मग पुढच्या आषाढात एका सकाळी खाडीकडून फटाकडीचे आवाज आले. ठकी दारात थांबली.

"तीन ठिकाणी हायत," ती म्हणाली आणि तिला रडू आले. माझा राग तिथेच गेला.

मित्रांनो, गवत कापावेच लागते. पण पहिला हात मारण्याआधी एवढे बघा, आत जो दडला आहे त्याला बाहेर पळायला वाट कुठे ठेवली आहे.