चौथ्या बोल्टवरचे कुंकू

ज्या वर्षी ज्ञानदाचे बारसे योकोहामात झाले त्या वर्षी, म्हणजे १९९६ साली, मला गाडीतून काढले. मी एक जुना रबरी माउंट आहे. मिरजेकडचे मेकॅनिक मला फाउंडेशन म्हणतात. दोन लोखंडी पट्ट्या आणि मध्ये मुठीएवढे काळे रबर, एवढाच माझा देह.

मित्रांनो, मोटारीचे इंजिन सतत हादरत असते. ते ज्यावर टेकलेले असते तो मी. त्याचा हादरा मी गिळतो, म्हणून आत बसलेले मूल झोपू शकते. मला १९८७ साली गरम साच्यातून काढले आणि एका पांढऱ्या स्पोर्ट्स कारच्या उजव्या अंगाला बसवले. डाव्या अंगाला माझा जोडीदार होता. नऊ वर्षे आम्ही इंजिन पेलले. त्या नऊ वर्षांत आमचे नाव कोणी घेतले नाही. आवाज येत नव्हता, एवढीच आमची शाबासकी.

ही गाडी पुढे हेमचंद्रने जुन्या बाजारातून घेतली. तो पुण्याचा, योकोहामात कॉम्प्युटरच्या नोकरीवर आलेला. त्याची बायको सुप्रभा, आणि तीन महिन्यांची ज्ञानदा. बारशासाठी हेमचंद्रचे वडील दिगंबर मिरजेहून आले होते. त्यांनी चौतीस वर्षे एस.टी.च्या वर्कशॉपात काढली होती. गाडी बघून ते म्हणाले, "दोनच दारं? मग मागच्यानं काय खिडकीतनं उडी मारायची?"

तोवर मला भेगा पडल्या होत्या. इंजिन एका अंगाला झुकू लागले होते. हेमचंद्रने मासिकात वाचले होते की रबराच्या जागी पॉलियुरेथेनचे माउंट घातले की गाडी हाताला घट्ट लागते.

"रबराच्या जागी रबरच घाल रे," दिगंबर म्हणाले. "तो कडक माल हादरा गिळत नाही. सगळा आत सोडतो."

"बाबा, ही एस.टी. नाहीये. स्पोर्ट्स कार आहे."

"म्हणून काय दात पाडून घ्यायचे?"

शेवटी ऑक्टोबरच्या वीस तारखेला, रविवारी, गाडी कुसाका-सानांच्या (सान म्हणजे आपले राव) गॅरेजात वर उचलली गेली. कुसाका-सान एकाहत्तर वर्षांचे होते आणि एकटेच काम करीत. त्यांची एक रीत होती. बोल्ट आधी हाताने लावायचा, मग मापाच्या पान्याने आवळायचा आणि आवळून झाला की डोक्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका दिसला की त्या बोल्टला ते पुन्हा हात लावीत नसत. दुसरी रीत अशी, की काढलेला जुना भाग ते लगेच फेकत नसत. चहाच्या किटलीजवळ एक फळी होती, तिच्यावर ठेवीत. वर्ष संपताना मीठ लावून, मान लववून निरोप देत. मलाही त्यांनी पुसून त्या फळीवर ठेवले. तिथून मला सगळे दिसत होते.

नव्या माउंटांचे चार बोल्ट होते. तीन आवळून झाले, त्यांना लाल ठिपके मिळाले. उजवीकडचा खालचा बोल्ट हातानेच लावलेला होता. तेवढ्यात बारा वाजले आणि कुसाका-सान जेवायला आत गेले. हेमचंद्र सिगारेट आणायला कोपऱ्यावर गेला.

त्या दिवशी खंडेनवमी होती. दिगंबरांनी खिशातून कुंकवाची पुडी काढली. पान्यांना, जॅकला, हत्यारांच्या पेटीला त्यांनी कुंकू लावले. मग ते गाडीखाली गेले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे वा, हे लोकही लावतात की," ते स्वतःशीच म्हणाले. "मग हा चौथाच का उपाशी ठेवला?"

आणि त्यांनी त्या बोल्टला कुंकू लावले. तेलकट लोखंडावर ते गोल आणि लालभडक बसले.

कुसाका-सान परत आले. पेटीवरचे कुंकू बघून त्यांनी दिगंबरांना मान लववली. मग गाडीखाली दिवा धरला. चार बोल्ट, चार ठिपके. त्यांनी पाना पुसून जागेवर ठेवला. मी फळीवरून बघत होतो. मला तोंड नाही, मित्रांनो.

सोमवारी सकाळी सात चाळीसला मी फळीवर थरथरू लागलो.

हेमचंद्र याच वेळी कामाला निघत असे. गाडी चार किलोमीटर दूर होती आणि इंजिन आता माझ्यावर नव्हते, तरी त्याचा हादरा माझ्यात येत होता. माझ्या शेजारच्या कपातल्या चहावर वर्तुळे उठली. कुसाका-सान कपाकडे बघत राहिले. बाहेर ना ट्रक होता, ना भूकंप. त्यांनी एक बोट माझ्यावर ठेवले आणि झटकन काढून घेतले.

रोज तसेच झाले. पाचव्या दिवसापासून हादऱ्यात एक ठोका चुकू लागला. कुसाका-सान आता सात पस्तीसलाच स्टूल ओढून माझ्यासमोर बसत. काम घेऊन येणाऱ्यांना हात करून थांबवीत.

तिकडे घरीही सुप्रभा कुरकुरत होती. "अहो, आरशात मागचं काही दिसतच नाही, नुसतं थरथरतंय. बाळ दचकून उठतं."

"पॉलियुरेथेन असंच असतं. सवय होईल," हेमचंद्र म्हणे.

नवा माल सगळेच हादरवत होता. त्यात सैल बोल्टचा हादरा वेगळा कोणाला कळणार?

नोव्हेंबरच्या तीन तारखेला रविवारी सगळे हाकोनेच्या डोंगरात लाल पाने बघायला गेले. सकाळी दहाला मी असा हललो की फळीच्या कडेपर्यंत सरकलो. कुसाका-सानांनी मला उचलले. मग त्यांची नजर हत्यारांच्या पेटीवर गेली. झाकणावर अजून कुंकू होते. त्यांनी ते बोटाने पुसून बघितले. खिशातल्या रंगाच्या पेनाचा ठिपका बोटाच्या शेजारी काढला. दोन्ही लाल सारखेच दिसत होते.

त्यांनी हेमचंद्रच्या घरी फोन केला. घंटा वाजत राहिली. दुसऱ्यांदा केला, तिसऱ्यांदा केला. मग दार आतून लावून ते स्टुलावर बसले, मला दोन्ही तळहातांमध्ये धरले आणि दाबले. जितका मी हलत होतो तितके ते दाबत होते. त्यांचे खांदे हलू लागले, मग मानही. मी हळूहळू स्थिर झालो. नऊ वर्षांत मी जे काम केले, ते आता माझ्यासाठी दुसरे कोणी करीत होते. थोड्या वेळाने त्यांचा श्वास ऐकू येईनासा झाला. हात मात्र सुटले नाहीत.

घरातल्यासारखेच डोंगरात काय झाले तेही मला पुढे हेमचंद्रच्या तोंडून कळले. उतारावर दिगंबर अचानक म्हणाले, "हेमा, थांबव."

"इथे वळणावर कुठे थांबवू, बाबा?"

"अहो, बाबा सांगतायत तर थांबवा ना!" बाळाला कवटाळून सुप्रभा मागून ओरडली.

सहा वळणे उतरल्यावर चहाची टपरी आली. दिगंबर वर्तमानपत्र अंथरून गाडीखाली आडवे झाले. उजवीकडचा खालचा बोल्ट दोन आट्यांवर लोंबत होता. तो सुटला असता तर इंजिन वर उसळून स्टिअरिंगच्या दांड्यावर आले असते, आणि खाली दरी होती. दिगंबरांनी बोल्टच्या डोक्यावर बोट फिरवले. बोट लाल झाले.

"हे माझं कुंकू आहे," ते खालूनच म्हणाले. "त्यांनी लावलेलं निघत नाही. हे निघतंय."

त्यांनी बोल्ट आवळला. बाहेर येऊन त्यांनी ते लाल बोट वर्तमानपत्राला पुसले. हेमचंद्र एवढेच म्हणाला, "दोन आट्यांवर सहा वळणं? इंजिन तर जागचं हललंसुद्धा नाही. जणू कोणी धरून ठेवलं होतं."

बोल्ट दाखवायला दुपारी दोनला गाडी गॅरेजपुढे येऊन उभी राहिली. इंजिन चालूच होते. पुढचे दार आतून बंद होते, म्हणून शेजाऱ्याने गॅरेजचे मागचे दार उघडून दिले. कुसाका-सान स्टुलावर बसलेले होते, डोळे मिटलेले, मी त्यांच्या हातांत. हेमचंद्रने त्यांच्या कपाळाला हात लावला आणि मागे घेतला. कपाळ थंड होते. पण त्यांचे हात थरथरत होते.

सुप्रभाने बाळाचे तोंड पदराआड केले. दिगंबर काही क्षण त्या हातांकडे बघत राहिले. मग ते बाहेर गेले आणि त्यांनी गाडीची किल्ली फिरवली. इंजिन बंद झाले, तसे हात थांबले.

दिगंबर परत येऊन त्यांच्या पायांशी बसले. "कुसाकाराव," ते म्हणाले, "चूक माझी होती हो." मग त्यांनी माझ्याभोवतीचे एकेक बोट हलकेच सोडवले.

हेमचंद्रने गाडीत पुन्हा रबरी माउंट घातले. मी आता मिरजेला दिगंबरांच्या देव्हाऱ्याशेजारी असतो. तेव्हापासून मी एकदाही हललो नाही.

मित्रांनो, हत्यारांची पूजा जरूर करा. पण आधी प्रत्येक बोल्टला पाना लावून बघा, आणि दुसऱ्याच्या कामावर स्वतःची खूण करण्याआधी त्याला विचारा, भाषा येत नसली तरी हाताने विचारा. गाडी हादरू लागली तर सवय होईल म्हणू नका. थांबा आणि खाली वाकून बघा.

कुसाका तामोत्सु, वय एकाहत्तर, रविवार दिनांक तीन नोव्हेंबर १९९६ रोजी सकाळी अकराच्या सुमारास योकोहामात आपल्या गॅरेजात वारले.