लग्न होईपर्यंत

त्या रविवारी सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या चाळीत वसंत पाटलाच्या दोन खोल्यांत सकाळपासून पुरणाचा वास भरला होता. वसंत मूळचा शिरपूरकडचा, इथल्या धाग्याच्या कारखान्यात सुपरवायझर. त्याच्या मुलीला, सरिताला, बघायला वापीहून हर्षलच्या घरचे येणार होते. सरिताची आई रजनी खापरावर मांडे भाजत होती. मधेच ती भिंतीला टेकून खाली बसली, तेव्हा सासू चिमाबाईंनी दार लोटून घेतलं, शेजारणींना दिसू नये म्हणून.

वर्षापूर्वी सुरतेत ऑपरेशन करून रजनीच्या जठराचा बहुतेक भाग काढला होता. कॅन्सर होता. चाळीत मात्र अल्सर सांगितलं गेलं. केमोचे दिवस तिनं बहिणीकडे काढले आणि परत आली ती डोक्यावरून घट्ट पदर घेऊन. आईला कॅन्सर म्हटल्यावर पोरगी कोण करील, असं चिमाबाई विचारत. सरिताला आजार ठाऊक होता, पण गाठ काढली, सगळं संपलं, एवढंच तिला सांगितलेलं होतं.

घरी पाठवताना सुरतेच्या डॉक्टर मृणाल यांनी वसंतला बसवून समजावलं होतं. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. कॅन्सर पुन्हा पसरू लागला तर पुष्कळदा त्याची खूण रक्तात आधी वाढते, दुखणं मागून येतं. वाढली म्हणजे पसरलाच असं नाही, पण मग वेळ न घालवता स्कॅन करायचा. पहिल्या दोन तपासण्या चांगल्या आल्या. तिसरीची वेळ झाली आणि नेमकी तेव्हाच सरिताच्या स्थळाची बोलणी सुरू झाली. सिल्वासातल्या लॅबमध्ये रक्त घेणारा माणूस हर्षलच्या नात्यातला निघाला. सुरतेला जावं, तर चाळ विचारणार, कुठं निघालात म्हणून. वसंतनं तपासणी पुढं ढकलली.

पाहुणे आले. पोरगी पसंत पडली. हर्षलच्या आईची नजर मात्र पुन्हापुन्हा रजनीकडे जात होती. ताई फार वाळल्या, असं ती म्हणालीही.

"उपास फार करते," चिमाबाई म्हणाल्या. "बस वं रजने, पाहुण्यांसंगे जेव."

अशा ऑपरेशननंतर गोड आणि भरपूर खाणं म्हणजे शिक्षाच. चिमाबाईंना ते माहीत होतं. त्यांनी तुपात भिजलेला मांडा वाढला. रजनीनं खाल्ला. तिच्या कपाळावर घाम आला, छाती धडधडायला लागली. चिमाबाईंनी दुसरा वाढला. तिनं तोही खाल्ला आणि पाहुणीकडे बघून हसली. मग सुपारी फुटली. गाडी वळणाआड गेल्यावर रजनी मोरीत ओकत बसली, आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून सासूनं नळ सोडून ठेवला.

त्यानंतर ती वसंतला म्हणाली, "माझं रक्त तपासून आणा. पोटात पहिल्यासारखं वाटत नाही."

"लग्न होऊ दे," तो म्हणाला. "मग सुरतच काय, मुंबईला नेतो."

तिनं आणखी एकदोनदा विषय काढला, मग सोडून दिला. मुलीच्या सुखाच्या आड यायचं तिच्याही मनात नव्हतं. वसंत वाईट माणूस नाही, असं चाळ आजही म्हणते. तो दारू पीत नाही, बायकोवर त्यानं कधी हात उगारला नाही. त्यानं फक्त थांबायचं ठरवलं. आजार थांबला नाही.

हळदीपर्यंत रजनीचे हात काटक्यांसारखे झाले होते आणि पोट फुगलं होतं. मांडवातल्या बायकांनी थट्टा केली, लेकीच्या आधी आईचंच डोहाळजेवण करावं लागेल म्हणून. चिमाबाई त्यांच्याबरोबर हसल्या. नवरीच्या वेशात बसलेल्या सरितानं आईकडे पाहिलं. आईनं हातानंच खुणावलं, काही नाही.

सरिता सासरी गेल्यावर वसंतनं रजनीला सुरतेला नेलं. रक्तातली खूण कितीतरी पटींनी वाढली होती. स्कॅनमध्ये रोग पोटभर पसरलेला दिसला. पोट फुगलं होतं ते पाण्यानं. इतके महिने का आला नाहीत, असं डॉक्टर मृणाल यांनी विचारलं. पोरीचं लग्न होतं, वसंत म्हणाला.

"तेव्हा आला असता तर या बऱ्याच झाल्या असत्या, असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण तेव्हा माझ्या हातात काहीतरी होतं."

कॅन्सरची आणि चुकवलेल्या तपासणीची बातमी वापीला पोचली. हर्षलच्या आईनं सुनेला गाडीत घातलं आणि सिल्वासाला आणलं, ते आजारी विहिणीला भेटायला नव्हे, थेट लॅबमध्ये. वसंतलाही तिथंच बोलावून घेतलं. पोरीचं रक्त तपासा, साफ निघालं तर नेतो, नाहीतर तुमची तुम्ही ठेवा, असं तिनं सुनावलं. रक्त घेणाऱ्यानं सांगून पाहिलं की ही तपासणी त्यासाठी नसते, निरोगी पोरीला पुढं काय होईल ते हिच्यावरून कळत नाही. कोणी ऐकलं नाही. वसंतला तर सुटल्यासारखं झालं. दे बेटा, तुझं काही निघणार नाही, म्हणाला.

सरिताच्या दंडाला रबरी पट्टा बांधला गेला.

"पप्पा, मम्मीचं रक्त का नाही तपासलं?"

"तुझ्यासाठीच ना."

हर्षल दारात मोबाईल घेऊन उभा होता. "एक सुई तर आहे," तो म्हणाला. "देऊन टाक ना, खतम."

सरितानं पट्टा सोडला. "मम्मीचं तपासायचं होतं तेव्हा सगळ्यांनी लपवलं. माझं तपासायला सगळे आलात. मी देणार नाही." ती बाहेर पडली, रिक्षात बसली आणि आईकडे गेली.

तिनं आईचं सगळं केलं. एके दिवशी रजनीनं विचारलं, तू परत कधी जाणार. जाणार नाही, सरिता म्हणाली. रजनीनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मग मी कशापायी गप बसले?"

थोड्याच दिवसांत रजनी गेली.

भेटायला आलेल्या बायकांना चिमाबाई अटॅक आला म्हणून सांगत होत्या. सरिता आतून बाहेर आली.

"अटॅक नव्हता. कॅन्सर होता. पसरतोय का, ते वेळेवर रक्त तपासून बघायचं होतं. आम्ही बघू दिलं नाही."

चिमाबाईंनी पदरात तोंड घातलं. बायका एकेक करून उठल्या. पलीकडच्या खोलीतली एक तेवढी मागं राहिली. तिच्याही मुलीची बोलणी चालली होती. हळू आवाजात ती म्हणाली की तिलाही हल्ली अन्न जात नाही, शी काळी होते, वजन उतरलंय. कुठं दाखवायचं ते सांग, पण आमच्या घरी कळू देऊ नको.

"नेते मी तुला," सरिता म्हणाली. "पण लपून नाही. तुझ्या घरात सांगून नेईन. चल."

ती बाई उंबऱ्यावर उभी राहून आपल्या दाराकडे बघत होती. आत तिचा नवरा फोनवर मुलाकडच्यांशी हसून बोलत होता. सरिता तिचा हात धरून थांबली.