केसरचा गळा

मुंबईच्या एका डॉक्टरांचं पत्र बरेच दिवस माझ्या टेबलावर बिनउत्तराचं पडून होतं. श्रीवर्धनला मी वाचनालय सांभाळत असे आणि कोळीवाड्यातल्या लोकांची पत्रंही लिहून देत असे. हे पत्र केसरबद्दल होतं. केसर धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाऊन विधी पार पाडणारी बाई. तिच्या छातीत गाठी झाल्या होत्या. दर महिन्याला त्या इतक्या ठणकत की चोळी सहन होईना. वाड्यानं कॅन्सर ठरवूनही टाकला होता. डॉक्टरांनी गाठी साध्या असल्याचं सांगून गोळ्या दिल्या. त्यांत पुरुषांच्या शरीरातलं संप्रेरक होतं. दुखणं थांबलं आणि आवाज जाड झाला.

'गोळ्या ताबडतोब बंद करा. आवाज पूर्ववत होतो का, ते कळवा,' असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. गाठींबद्दलचा मजकूर केसरला वाचून दाखवताना मूळचा शब्द टाळून मी 'छाती' म्हणालो, तरी माझे कान तापले.

गोळ्या बंद झाल्या. आवाज तसाच राहिला.

"अंबाजीच्या पोरीचं लगीन होऊ द्या, भाऊ," केसर म्हणाली. "मला गाऊ देतात का बघू, मग लिवा."

हळदीला अंबाजीची आत्या भागुबाई आडवी आली. "धवला बाईच्या गळ्यानं म्हनायचा. ह्यो तर होडीवरच्या तांडेलाचा गळा."

"गळा माझाच हाय, आत्ये. गोळी तेवढी बाप्याची."

शेवटी असं ठरलं की शिकाऊ काशीनं गायचं आणि केसरनं नुसतं बसायचं. देवांची नावं घेताना काशी हरिहरेश्वरानंतर अडकली. अडकलं की पहिल्यापासून म्हणावं लागतं. ती पुन्हा तिथंच अडकली. नवरीच्या अंगावरची हळद वाळायला लागली. तेव्हा भागुबाईच केसरकडे न बघता म्हणाली, "आता काय आवतन धाडू?"

केसर गायली. बाहेरचे बँडवाले वाजवायचे थांबले. त्या वाड्यात धवला प्रथमच मांडवाबाहेर ऐकू गेला.

पुढच्या आठवड्यात पलीकडच्या गावची धवलारीण ठमाबाई माझ्याकडे आली. "त्या गोळ्यांचं नाव लिवून द्या, भाऊ."

"तुम्हालाही... दुखतं?" मी कसंबसं विचारलं.

"मला काय धाड भरलीय? गळ्याला पायजेत."

मी नाव दिलं नाही.

"आता लिवा," दुसऱ्या दिवशी केसर येऊन म्हणाली. "दुखनं गेलं. आवाज परत आला न्हाय, पन हाय त्यावर लगनं मिळतात. आन् इचारा, नातवाला निजवायला गाते तर त्यो रडतो. माझा जुना गळा कुनाच्या गोळीत घातलात?"

शेवटचं वाक्य शास्त्रीय वाटणार नाही म्हणून मी खोडलं. मग मलाच शंका आली. अख्ख्या पत्रात विचारण्यासारखं तेवढंच तर होतं. ते पुन्हा स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि पत्र पेटीत टाकलं.