इंजिन बसलंय

किक खाली गेली.

जायला नको होती. इंजिन बसलं म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकला. मग किकवर उभं राहून उड्या मारल्या तरी ती जागची हलत नाही. व्हिडिओ बघून बघून एवढं मला पाठ झालं होतं. मी ठोकळा आणला होता, हातोडी आणली होती, प्लगच्या भोकातून सोडायला तेल आणलं होतं. आणि सहज पाय ठेवला तर किक शहाण्या पोरासारखी खाली गेली आणि परत वर आली.

"आई! इंजिन बसलेलं नाहीये!" मी जिन्याखालून ओरडलो.

"मग काय उभं आहे?" आतून आई.

"अगं, खरंच. फिरतंय. बाबा तर इतकी वर्षं सांगतात..."

आत भांडं जरा जोरात आपटलं. "तुझ्या बाबांना विचार. मला त्या डबड्यातलं काय कळतंय!"

ही बाबांची टू-स्ट्रोक स्कूटर. मी शाळेत असताना ते तिच्यावरून कारखान्यात जायचे. मी पुढे उभा राहायचो, गल्लीच्या तोंडापर्यंत फुकटची चक्कर. मग एक दिवस त्यांनी ती जिन्याखाली लावली, वर जुनी चादर टाकली आणि म्हणाले, "इंजिन बसलंय." विषय संपला. तेव्हापासून ते बसने जातात. चादरीवर आधी रद्दीचे गठ्ठे आले, मग बंद पडलेला पंखा, मग माझी लहानपणची सायकल.

आता बाबा रिटायर होणार होते. आणि मी ठरवलं होतं की शेवटच्या दिवशी ते कारखान्याच्या गेटमधून स्वतःच्या स्कूटरवर बाहेर पडणार. सगळ्यांसमोर. आणि स्कूटर नुसती दुरुस्त नाही, नव्यासारखी पण नाही. नव्यापेक्षा भारी.

मला हे कुणी शिकवलेलं नाही. मी कुरिअरच्या गोदामात पार्सलं स्कॅन करतो. मोबाईल भिंतीला टेकवायचा, एक नट उघडायचा, व्हिडिओ मागे घ्यायचा, परत बघायचा. असं माझं शिक्षण.

तर मी स्कूटर उघडत गेलो आणि गोंधळत गेलो. प्लग काढला तर आत तेल. कुणीतरी आधीच सोडलेलं, गंज धरू नये म्हणून. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा. टाकी रिकामी करून पुसलेली, सीटखालचा पेट्रोलचा कॉक बंद. बिघडलेली गाडी कुणी अशी ठेवत नाही. बिघडलेल्या गाडीला माणूस शिव्या घालतो आणि कोपऱ्यात ढकलून देतो. ही तर कुणीतरी अंगावर पांघरूण घालून निजवली होती.

आणि डावीकडचा लिव्हर. या स्कूटरला क्लच आणि गिअर दोन्ही डाव्या मुठीत. लिव्हर दाबायचा आणि तसाच दाबून मूठ फिरवायची. पण हा लिव्हर या स्कूटरचा नव्हताच. दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा, लांबलचक, टोकाला अजून एक पट्टी वेल्डिंग करून वाढवलेला, वरून सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं. डिकीत क्लचच्या केबल सापडल्या, सगळ्या कोऱ्या, तेलात भिजवून ठेवलेल्या. एवढ्या कशाला? कळेना. लिव्हरचा फोटो काढून मी मित्रांच्या ग्रुपवर टाकला, "आमच्या बाबांचं इंजिनियरिंग." सगळे हसले. मी पण हसलो आणि तो लिव्हर भंगारात टाकला.

संध्याकाळी जेवताना विषय काढला.

"बाबा, इंजिन बसलेलं नव्हतं हो."

"बसलं होतं."

"पण किक फिरते."

"तेव्हा बसलं होतं. सुटलं असेल आपोआप."

"आपोआप कसं सुटेल?"

"मला काय विचारतोस? तुझ्या त्या मोबाईलमधल्या गुरुजींना विचार."

आई हसली नाही. एरवी ती बाबांच्या विनोदांना हसते, अगदी रद्दी असले तरी. बाबांनी मिठाची बरणी माझ्याकडे सरकवली. "उघड. बघू किती दम आहे."

हा आमचा जुना खेळ. मी लहान असल्यापासून बरण्या, बाटल्या, घट्ट बसलेले नळ, सगळं माझ्याकडे. मी उघडलं की बाबा आईला सांगणार, "बघ, पैलवान झालाय." खोटं कशाला बोलू, मला अजूनही बरं वाटतं.

बाबा आधी कारखान्यात फिटर होते. मग त्यांना वजनकाट्यावर बसवलं. ट्रक काट्यावर चढतो, बाबा आकडा बघतात, शिक्का मारतात, ट्रक जातो. ड्रायव्हर लोक त्यांना काटेसाहेब म्हणतात. आम्ही ती बढतीच समजलो होतो. खुर्ची, पंखा, खिडकी. मी वर्गात सांगितलं होतं की माझे बाबा आता ट्रक उचलून मोजतात.

इंजिनात मी मोठं किट टाकलं. सिलिंडर मोठा, पिस्टन मोठा. इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकलं, लख्ख दिवा टाकला. पहिल्यांदा चालू झाली तेव्हा धुराने आख्खा जिना भरला आणि वरच्या मजल्यावरच्या काकू खाली येऊन मला नाही नाही ते बोलल्या. मी त्यांच्या पाया पडलो आणि उठून नाचलो. पण चढावर क्लच घसरत होता. इंजिन बोंबलायचं, चाक तिथल्या तिथे.

स्पेअर पार्टच्या दुकानवाल्याला सगळे मामा म्हणतात. त्यालाही हे इतकं अंगवळणी पडलंय की तो गिऱ्हाइकाला भाच्याच म्हणतो.

"घसरणारच," मामा म्हणाला. "ताकद वाढवून बसलास, आता ती धरून कोण ठेवणार? कडक स्प्रिंग टाक." ड्रॉवरमधून पुडी काढली, आणि देता देता हात मागे घेतला. "चालवणार कोण?"

"बाबा."

"झेपेल? ही स्प्रिंग हात मोडते भाच्या. क्लच दाबला की व्यायाम झाला, वेगळी तालीम नको."

"मामा, फिटर होते ते. लोखंड सरळ केलंय त्या हातांनी."

"मग ने. लिव्हर कुठला घेतलास?"

"हा. आखूड, काळा. रेसिंगवाला."

"दिसायला झकास आहे," मामा म्हणाला, आणि 'दिसायला'वर जरा रेंगाळला.

रिटायरमेंटच्या आदल्या दिवशी मी स्कूटर पुसत होतो. आई पायरीवर येऊन बसली. सीटवरून हात फिरवला तिने.

"गेटवर नको नेऊस ही."

"का?"

"घरीच दे ना. इथे, जिन्याखाली. किल्ली हातात दे, फोटो काढ."

"अगं, मग मजा काय? सगळ्यांसमोर पाहिजे."

"म्हणून तर म्हणते."

"काय म्हणून?"

काहीतरी तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. मग उठली. "मला बोलू नको म्हणून सांगितलंय. मी बोलणार नाही."

"कुणी सांगितलंय? काय बोलू नको?"

"तुम्ही बापलेक आणि तुमचं डबडं. घाला काय गोंधळ घालायचा तो."

मला वाटलं, बाबांना आधीच सगळं कळलंय आणि तेच मला काहीतरी सरप्राइज देणार आहेत. इतका मी हुशार.

दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या भोंग्याला मी गेटवर. स्कूटर स्टँडवर, तोंड दिसेल अशी पुसलेली. मी मोबाईल धरून उभा, बाबांचा चेहरा शूट करायला. ते बाहेर आले. सोबत फिटर मंडळी, दोन-चार ट्रक ड्रायव्हर, गेटवरचा वॉचमन. बाबांच्या काखेत सगळ्यांनी मिळून दिलेला थर्मास.

स्कूटर दिसली आणि बाबा चक्क धावले. थर्मास माझ्या हातात कोंबला, सीटवर हात ठेवला, दिव्यावर ठेवला. मग हँडलपाशी आले आणि थांबले.

"जुना लिव्हर कुठाय?"

"टाकला हो. भंगार होता."

"बरं," बाबा म्हणाले.

"काटेसाहेब, बसा! बसा!" सगळ्यांनी गलका केला. "एक राउंड झालाच पाहिजे!"

बाबा बसले. किक मारली. एका किकला चालू! लोकांनी शिट्ट्या मारल्या. माझी छाती फुगली होती. बाबांनी डावा हात क्लचवर ठेवला. मोबाईलच्या स्क्रीनवर मी बघत होतो. दोन बोटं मिटली. बाकीची नुसती टेकली. लिव्हर हलला नाही. बाबांनी परत दाबला. मानेची शीर वर आली, खांदा वर गेला. लिव्हर होता तिथेच.

मला वाटलं, अंदाज घेतायत. इतक्या वर्षांनी बसलेत, घेऊ देत.

"काय साहेब, गिअर विसरलात का?"

"अरे, आठवतोय ना!" बाबा हसले. आणि एकदम गोष्टच सांगायला लागले. पूर्वी या स्कूटरवर चौघं कसे जायचे, वॉचमनची टोपी कशी उडाली होती, ती कुत्र्याने कशी पळवली. सगळे वॉचमनकडे बघून हसायला लागले. बाबांचा उजवा हात अॅक्सिलेटरवरून सुटला आणि सीटखाली गेला, खाज सुटावी तसा सहज.

गोष्ट चालू होती. आणि इंजिनचा आवाज चढायला लागला. अॅक्सिलेटरवर हात नसताना.

हा आवाज मला माहीत होता. जिन्याखाली तो मी कितीदा ऐकलाय. पेट्रोल तोडलं की टू-स्ट्रोक बंद पडायच्या आधी एकदा जोरात ओरडतं. मग खाँक करून गप्प.

ते गप्प झालं.

"बसलं!" बाबा म्हणाले. दोन्ही हात वर करून. "बघा, आमची स्कूटर! परत बसलं इंजिन!"

सगळे पोट धरून हसले. "पोराने मोबाईलवर शिकून दुरुस्त केलीय, मग काय होणार!" एक फिटर म्हणाला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बसलेलं नाही! मी खाली वाकलो. कॉक बंद. मी स्वतः चालू केला होता तो. "हे बघा, कॉक..." एवढं तोंडातून गेलंच, आणि मी वर बघितलं.

बाबा माझ्याकडे बघत होते. डावा हात त्यांनी मांडीवर घेतला होता आणि उजव्याने झाकला होता.

कसं सांगू. एकामागोमाग एक नाही आलं, सगळं एकदम अंगावर आलं. बरण्या. नळ. लांब लिव्हर. तेलात भिजवलेल्या केबल, प्रत्येक वेळी क्लच थोडा तरी हलका जाईल म्हणून. खुर्ची आणि खिडकी. बघू किती दम आहे.

"कॉकचं काय रे?" फिटरने विचारलं.

"कॉक ठीक आहे," मी म्हणालो. "किट माझंच चुकलं. बसलंय इंजिन."

मग काय, त्यांना चेवच चढला. यूट्यूबच्या इंजिनियरला एक पान्याचा सेट भेट द्या म्हणाले. मी हसत होतो. हसता येत होतं, याचंच मला नवल वाटत होतं. बाबा उतरले, सगळ्यांचे हात उजव्या हातात घेऊन दाबले, आणि आम्ही ढकलायला लागलो. मी हँडलला, बाबा मागून. गेटपासून कारखान्याच्या भिंतीच्या कडेकडेने. मागून अजून हाका येत होत्या.

भिंत वळली तसे बाबा म्हणाले, "थांब." वाकून त्यांनी स्वतः कॉक चालू केला. "आता मार किक."

"कधीपासून, बाबा?"

"तू पुढे उभा राहायचास ना, मावेनासा झालास, तेव्हापासून. नस गेलीय म्हणे."

"सांगायचं ना."

"काय सांगायचं? फिटरचा हात चालत नाही म्हणून? त्या वेळच्या साहेबाने काट्यावर बसवलं, कुणाला बोलायचं नाही या बोलीवर. मग नाही बोललो. मग सवय झाली."

"आईला माहीत होतं."

"तिच्यापासून काय लपतंय? शर्टाची बटणं कोण लावतं?"

मी लिव्हरकडे बघत होतो. आखूड, काळा, झकास. "मी तुमचा लिव्हर भंगारात टाकला. फोटो काढून हसलो पण."

"वेल्डिंग चांगलं होतं त्याचं," बाबा म्हणाले. "चल. तू पुढे बस, मागे मी बसतो."

किक मारली. क्लच दाबला. मामा खरं बोलला होता, येताना मी लक्षच दिलं नव्हतं, माझाच हात मनगटापासून खांद्यापर्यंत ताणला गेला. बाबा मागे बसले. उजव्या हातात थर्मास. डावा हात त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला.

पहिल्या गिअरमध्ये इंजिन भरत आलं. मी आवाजाकडे कान लावून होतो, आत्ता टाकू का, थोडं थांबू. तेवढ्यात खांदा दाबला गेला. हलकेच. मी क्लच दाबून दुसरा टाकला. आवाज गुळगुळीत उतरला, मला कधीच जमला नव्हता इतका. थोडं पुढे गेल्यावर परत खांद्यावर तेच. तिसरा.

मला कळत नव्हतं, त्यांना मला काही सांगायचं होतं, की त्यांचा हात आपला आपणच गिअर टाकत होता.

पुढे चढ होता. खालचा गिअर लागणार होता. मी आवाज ऐकायचा सोडून दिला आणि खांद्यावरच्या त्या दोन बोटांची वाट बघत राहिलो.