सरळ आतडं

"चिक छाँग, चिक थो," जयवंतराव पुन्हा पुटपुटले. आतडं सरळ, पोटही सरळ; म्हणजे आडपडदा न ठेवता बोलणारा माणूस. वहीत त्याखाली लिहिलं होतं, 'बाय तो मेंग': समोर मांडल्यासारखं उघड. हाँगकाँगच्या सुनेशी आणि सहा वर्षांच्या नातीशी चार शब्द बोलता यावेत म्हणून चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते मोबाईलवर व्हिडिओ बघून कँटोनीज शिकत होते. उच्चार जमतात की नाही, कोण जाणे. अजून कुणासमोर तोंड उघडायचा धीर झाला नव्हता.

घराण्यात तीन पिढ्यांची बडोद्यातली सरकारी कारकुनी. अर्जदाराला तोंडावर नाही म्हणायचं नाही, 'विचाराधीन' लिहायचं. जन्मभर त्यांनी तेच केलं. त्यांच्या मुलाला, अभिजितलाही तेच वळण लागलं.

सकाळीच गुरुजींनी त्यांच्या गुजराती वळणाच्या मराठीत विचारलं होतं, "काका, काकूंचं वर्षश्राद्ध तेरा तारखेला. अभिजित येतो ने?"

"बघू म्हणालाय. दुपारी सांगतो."

दुपारी व्हिडिओ कॉल लागला.

"बघू बाबा. सुट्टीचं जरा अवघड दिसतंय, पण बघू."

मागे भांडी आवरता आवरता सून काहीतरी बोलली. आधी नुसता सूर कानावर आला, मग त्यातले शब्द सुटे झाले. 'बाय तो मेंग.' 'म् हॉय', म्हणजे जायचं नाही. आणि शेवटी, जरा चिडून, 'चिक छाँग चिक थो' सांग ना त्यांना.

तिचं अख्खं वाक्य त्यांना आज पहिल्यांदा कळलं.

"काय म्हणतेय वाय-यी?"

अभिजितची नजर खाली गेली. "विचारतेय, जेवलात का."

वही मांडीवर उघडीच होती.

"जेवलो म्हणावं," जयवंतराव म्हणाले.

"आणि तारखेचं, बाबा..."

"बघ तू. सवडीनं."

मग त्यांनी गुरुजींना फोन लावला.

"अजून विचार चाललाय का त्याचा?" गुरुजींनीच त्यांना वाट काढून दिली.

"नाही. तो येणार नाही."

"मग संकल्प तुम्हीच करा, काका."

जयवंतरावांनी कपाटातून अभिजितसाठी धुऊन ठेवलेलं धोतर काढलं आणि आरशासमोर कमरेला लावून पाहिलं. पोरगा त्यांच्यापेक्षा वीतभर उंच. काठ फरशीवर लोळत होता.